सिंगापूरमध्ये पहिल्यांदाच चेंग बेंगला जाताय? थडगं झाडण्यापासून पोपिआच्या जेवणापर्यंत

मार्चचा मध्य उलटला की सिंगापूरमधल्या चिनी कुटुंबांत फोनाफोनी सुरू होते. यंदा कोणत्या रविवारी जायचं? कोणाच्या गाडीत किती जण? पूजेचे कागद कोण घेणार, कोंबडी कोण उकडणार, पोपिआच्या, म्हणजे भाज्या भरून वळायच्या सुरळीच्या, पोळ्या सांगून ठेवल्या का? ही सगळी तयारी चेंग बेंगची. मँडरिन बोलणारे याच सणाला छिंगमिंग म्हणतात, कँटोनीज घरांत चिंग मिंग. पूर्वजांची थडगी झाडायची, त्यांना खाऊपिऊ घालायचं आणि मग सगळ्यांनी एकत्र बसून जेवायचं, असा हा वसंतातला दिवस.

माझं सासर होक्किएन, म्हणजे मूळचं चीनच्या फुजिएन प्रांताच्या दक्षिणेकडचं. दरवर्षी आमच्या ओळखीतलं कोणी ना कोणी मराठी माणूस विचारतं, ‘नवऱ्याच्या घरचे चेंग बेंगला बोलावतायत, काय करायचं असतं?’ कोणाची मुलगी चिनी घरात दिलेली असते, कोणाला शेजारच्या आँटीने आग्रहाने बोलावलेलं असतं. त्या सगळ्यांसाठी हे लिहिते आहे. घरागणिक रीत बदलते, तेव्हा इथलं काही तुमच्याकडे वेगळं निघालं तर तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांचं ऐका.

एक गोष्ट मात्र सगळीकडे लागू पडते. या दिवशी पाहुण्यासारखं बाजूला उभं राहायचं नाही. झाडू घ्या, कागद दुमडा, शेंगदाणे कुटा. भाषा येत नसली तरी काम करणारा माणूस घरातला होतो.

१. आधी तारीख समजून घ्या

चिनी नववर्ष चंद्रावर चालतं, म्हणून दरवर्षी मागेपुढे सरकतं. चेंग बेंग सूर्यावर चालतो. वर्षाचे जे २४ सौर टप्पे चिनी पंचांगात आहेत, त्यातला हा पाचवा, वसंतसंपातानंतर साधारण पंधरा दिवसांनी येणारा. त्यामुळे तारीख जवळपास पक्की असते: ४ किंवा ५ एप्रिल. २०२५ मध्ये ४ एप्रिल होती, २०२६ मध्ये ५ एप्रिल.

चीनमध्ये २००८ पासून या दिवशी सार्वजनिक सुट्टी असते. तैवान, हाँगकाँग आणि मकावमध्येही असते. सिंगापूरमध्ये नाही. त्यामुळे इथे प्रत्यक्षात लोक आधीच्या दहा आणि नंतरच्या दहा दिवसांतला सोयीचा शनिवार-रविवार गाठतात. तुम्हाला ‘चेंग बेंगला ये’ असं सांगितलं की लगेच ५ एप्रिलला रजा टाकू नका. नेमका दिवस कोणता, हे घरातल्या ज्या काकू किंवा आत्या सगळं जमवतात त्यांनाच विचारा. प्रत्येक कुटुंबात अशी एक व्यक्ती असतेच. तिच्याशी ओळख करून घेणं हे पहिलं काम समजा.

२. कुठे जायचंय ते विचारा

‘थडगं झाडायला’ म्हटलं तरी सिंगापुरात थडगं असेलच असं नाही. जमीन अपुरी, त्यामुळे दफनासाठी आता एकच दफनभूमी खुली आहे, चोआ चू कांग. तिथेही १९९८ पासून नियम असा आहे की १५ वर्षांनी थडगं उकरायचं. ज्यांच्या धर्मात दहन चालतं त्यांचे अवशेष मग दहन करून अस्थिकलशात ठेवतात. बहुतेक चिनी कुटुंबं आता सरळ दहनच करतात. तेव्हा तुमच्यापुढे तीन शक्यता आहेत.

पहिली, खरंखुरं जुनं थडगं. चोआ चू कांगला, किंवा बुकित ब्राऊनसारख्या बंद झालेल्या दफनभूमीत. बुकित ब्राऊन १९२२ मध्ये सुरू झाली, १९७३ मध्ये बंद झाली, आणि सुमारे एक लाख थडग्यांची ती टेकडी आजही झाडाझुडपांत आहे. मधून मोठा रस्ता गेला तेव्हा काही हजार थडगी हलवावी लागली. इथे जाणं म्हणजे अर्धी जंगलातली पायपीट.

दुसरी, कोलंबॅरियम. अस्थिकलश ठेवायच्या कोनाड्यांची इमारत. मंडाई, चोआ चू कांग, यिशुन इथे सरकारी आहेत, शिवाय मंदिरांची आणि जुन्या संघटनांची आहेत. बिशानचं पेक सान थेंग हे त्यातलं नावाजलेलं. १८७० मध्ये कँटोनीज आणि हक्का या दोन चिनी समाजांच्या लोकांनी तिथे दफनभूमी काढली होती. १९८० च्या दशकात तिच्या जागी बिशानची वसाहत उभी राहिली आणि तिथले पूर्वज कोनाड्यांत आले.

तिसरी, घरातलाच पूर्वजांचा देव्हारा. बरीच वृद्ध माणसं आता टेकडी चढू शकत नाहीत. ती घरीच सगळं मांडतात.

यातलं काय आहे त्यावर बूट, सामान, वेळ सगळं ठरतं. कोलंबॅरियम असेल तर इमारत, मजला आणि कोनाड्याचा क्रमांक फोनमध्ये लिहून घ्या. एकसारख्या हजारो कोनाड्यांच्या रांगांत चिनी अक्षरं न वाचता येणाऱ्या माणसाला फक्त आकडा उपयोगी पडतो.

३. सामानाची यादी

थडग्यावर जायचं असेल तर:

– झाडू, गवत कापायचा विळा किंवा मोठी कात्री, बागकामाचे हातमोजे
– पाण्याच्या दोन-तीन मोठ्या बाटल्या, जुनी फडकी, एक बादली
– दगडावरची अक्षरं रंगवायला लाल आणि सोनेरी रंगाची छोटी डबी, बारीक ब्रश
– उदबत्त्या, लाल मेणबत्त्यांची जोडी, वाऱ्यात विझणार नाही असा लायटर
– पूजेचे कागद, शिवाय थडग्यावर ठेवायचे रंगीत कागदाचे तुकडे
– ताजी फुलं. पांढरी-पिवळी शेवंती सगळ्यात जास्त दिसते
– चहाचे आणि दारूचे छोटे पेले, जेवायच्या काड्या (चॉपस्टिक्स), वाडगे
– नैवेद्याचं खाणं, झाकणाच्या डब्यांत
– दोन एकसारखी नाणी (कशाला ते पुढे सांगते)
– डासांचा मलम, टोपी, छत्री, कचऱ्याच्या पिशव्या

कोलंबॅरियमला यातलं निम्मं लागत नाही. फुलं, फळं, उदबत्ती, कागद आणि ओलं फडकं पुरे.

पाहुणे म्हणून काय न्यावं, हा प्रश्न मला नेहमी विचारतात. संत्री किंवा सफरचंदं न्या, चांगली, डाग नसलेली. रिकाम्या हाताने जाऊ नका आणि भडक कागदात गुंडाळलेली भेटवस्तूही नेऊ नका. गेलेल्या माणसाला काय आवडायचं ते आधी विचारून घेतलंत तर फारच छान. आमच्याकडे आकाँगना, म्हणजे सासऱ्यांच्या वडिलांना, दुधाची घट्ट कोपी, म्हणजे इथली कॉफी, आवडायची. ती बाजाराच्या टपरीवरून पिशवीत बांधून आणतात आणि थडग्यापुढे पेल्यात ओततात. कोणाकडे बिअर असते, कोणाकडे सिगारेट पेटवून ठेवतात. यात थट्टा काही नाही. माणूस गेला तरी त्याची आवड घरात कोणी विसरलेलं नाही.

४. आदल्या आठवड्यातली संध्याकाळ: कागद दुमडणं

हे काम आवर्जून मागून घ्या, कारण हे शिकायला पाच मिनिटं लागतात आणि दुमडता दुमडता घरातल्या सगळ्या गोष्टी ऐकायला मिळतात. पूजेचे कागद खरखरीत आणि पिवळसर असतात, मधोमध सोनेरी किंवा चंदेरी वर्खाचा चौकोन चिकटवलेला. वर्ख बाहेर राहील असा कागद गोल वळायचा, दोन्ही टोकं आत खोचायची, की पूर्वीच्या चिनी सोन्या-चांदीच्या लगडीसारखा होडीचा आकार तयार होतो. वर्ख बोटांना लागतो, तासाभरात हात चकाकायला लागतात.

चूक होते ती इथे: सोनेरी कागद देवांचे, चंदेरी पूर्वजांचे. दोन्ही ढीग एकत्र करू नका. दुमडलेले कागद मोठ्या पिशव्यांत हलक्या हाताने भरा, दाबले की आकार मोडतो. बाजारात तयार कागदी सदरे, घड्याळं, मोबाइलही मिळतात. ते घ्यायचे की नाही हे घरचे ठरवतील.

५. निघताना

गडद किंवा फिक्या साध्या रंगाचे कपडे घाला. लाल नको. टेकडीवर जायचं असेल तर पूर्ण पँट आणि बंद बूट. एप्रिलमध्ये सिंगापूरला दुपारी गडगडाटासह पाऊस येतो आणि दहा वाजल्यापासून ऊन भाजतं, म्हणून लोक पहाटेच निघतात. शनिवार-रविवारी सकाळी आठनंतर दफनभूमीच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते. सहाला निघू म्हटलं तर सहालाच तयार राहा.

एकमेकांना ‘शुभेच्छा’ देऊ नका. नववर्षाला देतात तशा या दिवशी देत नाहीत. नुसती नात्याने हाक मारा, ‘आमा’ (आजी), ‘आकाँग’ (आजोबा), ‘अंकल’, ‘आँटी’, जे नातं असेल ते. लहानांनी मोठ्यांना आधी हाक मारायची, मोठे मग मान हलवतात. तेवढं पुरे.

६. थडग्यापाशी: क्रम चुकवू नका

होक्किएन थडगं अर्धवर्तुळाकार असतं. मागे मातीचा उंचवटा, पुढे नाव कोरलेला दगड, त्यापुढे फरशीचं छोटं अंगण. मागच्या उंचवट्यावर पाय देऊ नका. शेजारच्या थडग्यांवरूनही उड्या मारत जाऊ नका, वाट लांबची असली तरी वळसा घाला. बोट दाखवून ‘हे कोणाचं?’ असं विचारणं टाळा.

आधी सफाई. वर्षभराचं गवत उपटायचं, पालापाचोळा झाडायचा, दगड धुवायचा. मग अक्षरांत रंग भरायचा. हे काम थरथरत्या हाताने होत नाही आणि म्हाताऱ्या माणसांना वाकवत नाही, तेव्हा तरुण हात लागतातच. दगडावर गेलेल्यांची नावं असतात, आणि बाजूला मुलांची, सुनांची, नातवंडांचीही असतात. कोणाचं नाव कुठे ते विचारत रंगवत गेलात तर कुटुंबाची वंशावळ तुमच्या हातून जाते. रंग बाहेर ओघळला तर तो ओला असतानाच फडक्याने टिपा.

रंगीत कागदाचे तुकडे उंचवट्यावर ठेवून त्यावर खडे ठेवतात. त्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्याला कळतं की या घरचे येऊन गेले आहेत, वारस आहेत.

मग नैवेद्य. पण पूर्वजांच्या आधी त्या जागेच्या भूमिदेवाचा. थडग्याच्या एका बाजूला त्याचा छोटा दगड असतो. नवखे लोक नेमके हाच चुकवतात आणि सरळ मोठ्या दगडापुढे जाऊन उभे राहतात. पहिली उदबत्ती, पहिला पेला त्याचा, कारण आपले लोक वर्षभर त्याच्या जागेत राहतात.

त्यानंतर मुख्य दगडापुढे मांडामांड: उकडलेली कोंबडी, डुकराच्या मांसाचा तुकडा, मासा किंवा अंडी, असे तीन प्राण्यांचे पदार्थ, फुललेला वाफेवरचा केक, लाल कासवाच्या आकाराचे चिकट तांदळाचे कुएह (इथले केकसारखे पदार्थ), फळं, भात, चहा, दारू. जितके पूर्वज तितके पेले आणि तितक्या काड्यांच्या जोड्या. काड्या वाडग्याशेजारी आडव्या ठेवा. भातात उभ्या कधीही खोचू नका, आणि हे दिवसाच्या जेवणातही लक्षात ठेवा. ते दृश्य मृताच्या भातातल्या उदबत्तीचं आहे.

उदबत्ती वयाच्या क्रमाने. घरातलं सगळ्यात मोठं माणूस आधी, मग त्याची भावंडं, मग मुलं, सुना, नातवंडं. दोन्ही हातांत धरून कपाळापर्यंत न्यायची, वाकायचं. मनात काय म्हणायचं? आपलं नाव सांगा, कोणाबरोबर आलात ते सांगा. मराठीत सांगितलंत तरी चालतं, मी दरवर्षी तेच करते.

ज्यांना उदबत्ती धरायची नसते त्यांचीही या घरांत सोय आहे. बऱ्याच चिनी कुटुंबांत काही जण ख्रिस्ती झालेले असतात. ते फुलं ठेवतात, मान झुकवतात, कोणी बोलत नाही. तुम्हालाही संकोच वाटत असेल तर तसंच करा. नुसते हात जोडून उभे राहिलात तरी कोणाला खटकणार नाही.

आता वाट पाहायची. पूर्वज जेवतायत, त्यांना घाई करायची नाही. उदबत्ती अर्ध्याच्या खाली आली की वडीलधारं माणूस ती दोन नाणी हातात घेतं, ‘झालं का जेवून?’ असं विचारतं आणि जमिनीवर टाकतं. एक छापा आणि एक काटा पडला तर हो. दोन्ही सारखे पडले तर अजून थांबायचं, थोड्या वेळाने पुन्हा विचारायचं. मंदिरात यासाठी लाकडाचे चंद्रकोरी ठोकळे असतात, टेकडीवर नाणी चालतात. मला या सणातला हा क्षण सगळ्यात जवळचा वाटतो. सगळे जण उन्हात घाम पुसत, नाण्यांकडे वाकून बघत असतात.

‘हो’ आलं की कागद जाळायचे. ठरवून दिलेल्या भट्टीत किंवा डब्यातच, कोरड्या गवतावर कधीही नाही. आग धरली की तिच्याभोवती चहा किंवा दारूची धार सोडतात, म्हणजे दुसऱ्या कोणी वाटेत ते घेऊ नये. दम्याचा त्रास असेल तर आधीच वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला जाऊन उभे राहा.

तिओच्यू (होक्किएनसारखाच आणखी एक चिनी समाज) घरांबरोबर गेलात तर आणखी एक गोष्ट दिसेल. ते थडग्यापाशीच बसून उकडलेल्या शिंपल्या खातात आणि टरफलं उंचवट्यावर टाकतात. तो कचरा समजून उचलू नका! ती बरकतीसाठी टाकलेली असतात. कँटोनीज कुटुंबं भाजलेलं अख्खं डुक्कर आणतात आणि मोठ्या घराण्यांत त्याचे वाटे प्रत्येक घराला मोजून देतात.

फोटो काढायचा असेल तर विचारून, आणि दगडाकडे पाठ करून हसतमुख सेल्फी नको.

७. कोलंबॅरियममध्ये

क्रम तोच, जागा कमी. कोनाडा पुसायचा, फुलं लावायची, खाणं सामायिक टेबलांवर मांडायचं. गर्दीच्या दिवशी टेबलासाठी थांबावं लागतं आणि आपलं झालं की लगेच मोकळं करून द्यायचं असतं. बौद्ध मंदिराच्या जागेत बहुधा मांसाहारी नैवेद्य चालत नाही, हे आधी विचारा. नाहीतर उकडलेली कोंबडी डब्यातच परत येते आणि आमांचा जीव हळहळतो.

८. घरी परतल्यावर

हातपाय धुवा, शक्य असेल तर अंघोळ करा. कँटोनीज घरांत दारातच पपनसाच्या पानांचं पाणी ठेवलेलं असतं, ते हातातोंडाला लावायचं. स्मशानातून आल्यावर अंघोळ करणाऱ्या आपल्या लोकांना हे वेगळं समजवावं लागत नाही.

९. जेवण: पोपिआ

होक्किएन घरात चेंग बेंगचं जेवण म्हणजे पोपिआ. मऊ, पातळ पोळीत शिजवलेलं सारण आणि दहा-बारा तऱ्हांच्या गोष्टी घालून केलेली सुरळी, न तळता खायची. शिआमेन, छुआनझोऊ, तैवान, सिंगापूर, पेनांग, जिथे म्हणून होक्किएन लोक आहेत तिथे ती या दिवसांत होते. शांघायच्या बाजूला याच सणाला हिरवे तांदळाचे गोळे करतात, दवण्याच्या जातीच्या रानपाल्याचा रस घातलेले, आत लाल चवळीचं गोड पुरण. तिकडचं कुटुंब असेल तर तेच मिळतील.

हे सगळं आधी शिजवून ठेवायचं आणि जेवताना चूल लागू द्यायची नाही, याला जुनं कारण सांगतात. चेंग बेंगला लागूनच पूर्वी थंड अन्नाचा सण असायचा. जिए झितुई नावाच्या माणसाने वनवासात उपाशी असलेल्या राजपुत्राला स्वतःच्या मांडीचं मांस शिजवून खायला घातलं. पुढे राजपुत्र जिन राज्याचा अधिपती झाला आणि त्याला विसरला. आठवण झाली तेव्हा जिए आईला घेऊन म्येनशानच्या डोंगरात गेला होता. त्याला बाहेर काढायला अधिपतीने रान पेटवलं, आणि मायलेक त्यात जळाले. त्या दिवशी चूल पेटवायची नाही, असा हुकूम मग निघाला, अशी ही कथा. ७३२ मध्ये तांग सम्राट श्वानझोंगने थंड अन्नाच्या दिवशी थडग्यावर जाण्याची रीत अधिकृत केली, आणि हळूहळू दोन्ही सण एक झाले.

आता प्रत्यक्ष काम. दहा माणसांना, प्रत्येकी तीन-चार सुरळ्या धरून:

सारण. दोन किलो बांगक्वांग. हा पांढरा, रसाळ कंद. उत्तर भारतात याला मिश्रीकंद म्हणतात. सोलून काडेपेटीच्या काडीएवढे बारीक तुकडे करा. किसू नका, किसला की लगदा होतो. अर्धा किलो गाजर तसंच चिरा. लसूण, पारंपरिक घरात सोडे आणि डुकराच्या मांसाच्या बारीक पट्ट्या तेलात परता, सोयाबीनची आंबवलेली पेस्ट चमचाभर घाला, मग कंद, गाजर आणि तळलेल्या टोफूच्या पट्ट्या. मंद आचेवर दीड-दोन तास, कंद मऊ आणि तांबूस होईपर्यंत. हे आदल्या रात्रीच करा. मुरलेलं सारण जास्त चवदार लागतं, आणि सकाळी टेकडीवर जायचं असतं.

पोळ्या. घरी करायच्या भानगडीत पडू नका. ओलसर, लवचीक पिठाचा गोळा हातात सतत हलता ठेवून तापल्या तव्यावर फिरवायचा, तव्यावर त्याचा नुसता पापुद्रा राहतो. हे वर्षानुवर्षांच्या हातांचं काम आहे. जू च्याट रस्त्यावरचं क्वे ग्वान हुआत हे दुकान १९३८ पासून हाताने पोळ्या करतंय. चेंग बेंगच्या आठवड्यात तिथे आणि बाकी ठिकाणीही आधी सांगून ठेवावं लागतं. पोळ्या ज्या दिवशी घ्याल त्याच दिवशी वापरा, ओलसर फडक्यात झाकून, फ्रिजमध्ये नाही.

वर घालायच्या गोष्टी. लेट्यूसची पानं, उकळत्या पाण्यातून काढलेले मुगाचे लांब मोड, अंड्याच्या पातळ धिरड्याच्या बारीक पट्ट्या, उकडलेली कोळंबी, कोथिंबीर, तळलेल्या लसणाचा चुरा, घट्ट गोड काळा सॉस, वाटलेली लाल मिरची, वाटलेला कच्चा लसूण. आणि शेंगदाणे. भाजून, सालं पाखडून, साखर घालून भरडायचे. हे काम मराठी माणसाने निःशंक मागून घ्यावं, कुटाचा हात आपल्याकडे आहे. फक्त नेहमीसारखं बारीक करू नका, दाताखाली कण यायला हवा. तेल सुटेपर्यंत मिक्सर फिरवला की ते सुरळीत चिकटून बसतं.

नैवेद्याला टेकडीवर नेलेली कोंबडी आणि मांस परत आणलेलं असतं, तेही कापून याच टेबलावर येतं. पूर्वजांनी खाल्लेलं घरच्यांनी खायचं. आपल्याकडे खान्देशात आखाजीला पितरांना घागर भरून ताट वाढतात आणि मग घर जेवतं, तिथला माणूस इथे लगेच रुळतो.

१०. पहिली सुरळी त्यांची

घरात पूर्वजांचा देव्हारा किंवा फोटो असेल तर आधी दोन-तीन सुरळ्या करून तिथे ठेवतात. तोवर टेबलावरचं काहीही तोंडात टाकू नका, चवीपुरतंही. लहान मुलं बरोबर असतील तर त्यांना निघतानाच काही खायला घाला, कारण हे सगळं होईपर्यंत दुपारचा एक वाजतो.

मग टेबलावर सगळे बसले की सगळ्यात लहान माणसापासून सुरुवात होते: ‘आकाँग, जेवा. आमा, जेवा. अंकल, जेवा.’ प्रत्येक मोठ्याचं नाव घेऊन. होक्किएनमध्ये ‘आमा, च्या’ एवढंच. हे दोन शब्द पाठ करून जा. ‘च्या’ म्हटल्यावर आमा वर बघतात, हसतात, आणि तुमच्या ताटात पहिली पोळी स्वतः ठेवतात.

११. सुरळी कशी वळायची

पोळी ताटात पसरा. गोड सॉसचा एक पट्टा ओढा, मिरची आणि लसूण जपून. त्यावर लेट्यूसचं पान. ओल पोळीपर्यंत जाऊ नये म्हणून ते खाली असतं, वर नाही. मग मोड, मग सारण. सारण चमच्याने भांड्याच्या काठावर दाबून रस पूर्ण निथळवा. पोळी फाटते ती नव्वद टक्के वेळा याच आळसामुळे. मग अंडं, कोळंबी, कोथिंबीर, वर शेंगदाण्याची भरड सढळ हाताने. खालची कड वर, दोन्ही बाजू आत, आणि घट्ट गुंडाळा. सारण मूठभरापेक्षा कमीच घ्या. वळली की लगेच खा. दुसऱ्यांसाठी वळून ताटात रचून ठेवल्या की पाणी सुटतं.

या सुरळीची एक लोककथा फुजिएनमध्ये सांगतात. मिंग काळातला छाय फूयी नावाचा अधिकारी कामात इतका गढलेला असे की जेवायला हात मोकळा नसे. त्याच्या बायकोने भाज्या पोळीत गुंडाळून त्याला भरवल्या, म्हणे, आणि तिथून पोपिआ आलं.

पहिली सुरळी फाटली तर शेजारची आत्या दुसरी वळून देईल. घ्या आणि पुढची तिच्यासाठी तुम्ही वळा. या जेवणात कोणी कोणाला वाढत नाही, सगळे वळत असतात, आणि टेबल ओलांडून भांडी फिरतात. गप्पा गेलेल्या माणसांच्याच असतात, पण रडवेल्या नसतात: कोण किती जहाल मिरची खायचं, कोणी कोणत्या बोटीने सिंगापूर गाठलं, कोणाचं कोणाशी जमायचं नाही. नाव कळलं नाही तर विचारा. सकाळी ज्याच्या अक्षरांत रंग भरलात तोच माणूस असतो बहुधा.

१२. शाकाहारी असाल तर

आधी सांगा, टेबलावर नाही. पोपिआ दिसायला भाज्यांचं असतं, पण सारणात सोडे, मांसाचं पाणी, कधी डुकराची चरबी असते, आणि तळलेल्या लसणाच्या चुऱ्यात सुक्या मासळीची पूड असू शकते. ‘मांस काढून खा’ म्हणून काम भागत नाही. चार दिवस आधी त्या सगळं जमवणाऱ्या काकूंना सांगा की बौद्ध लोक पाळतात तसं शाकाहारी हवं. ही गोष्ट चिनी घरात चटकन समजते, कारण कोणीतरी नात्यातलं महिन्यातले दोन दिवस किंवा कायम तसं खात असतं. फक्त कडक बौद्ध शाकाहारात लसूण-कांदा नसतो, तुम्हाला तो चालत असेल तर तेही सांगा. अंडं चालतं का, हेही.

आणखी चांगलं म्हणजे शाकाहारी सारणाचं पातेलं तुम्हीच करून न्या. मांस-सोड्यांच्या जागी सुके शिटाके मशरूम रात्रभर भिजवा, त्याच पाण्यात कंद शिजवा, थोडी कोबी वाढवा. आमच्याकडे हे पातेलं आता दरवर्षी होतं आणि आधी तेच संपतं. चमचा मात्र वेगळा ठेवा आणि कोणता कोणाचा ते टेबलावर आधी दाखवून द्या.

१३. उरलेलं

पोळ्या दुसऱ्या दिवशी कडक होतात. उरल्या तर त्याच संध्याकाळी सारण भरून तेलात तळा. सारण फ्रिजमध्ये दोन दिवस चांगलं राहतं, भातावर किंवा नूडल्समध्ये घाला. पाहुण्यांना बरोबर देताना वळलेल्या सुरळ्या देऊ नका. सारण एका डब्यात, पोळ्या ओल्या फडक्यात, शेंगदाण्याची भरड कोरड्या पिशवीत. डब्यावर नाव लिहा, नाहीतर सात घरांचे डबे पुढच्या चेंग बेंगपर्यंत एकमेकांकडे फिरत राहतात.